‘पुस्तकच बरे’ याच्या पुढे काय लिहावे?

प्रश्न : मी नाशिकच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण जमतो आणि एखादी ब्रिटिश मालिका व ती जिच्यावर बेतली आहे ती कादंबरी, अशी जोडी चर्चेला घेतो. चर्चा दर वेळी ‘पुस्तकच बरे’ या वाक्यापाशी येऊन विरते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आणि ‘द ज्युएल इन द क्राउन’ या दोन मालिकांवर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला होता. ‘हे कथासार आहे, समीक्षा नव्हे’ असा शेरा मारून संपादकांनी तो परत केला. आमच्यातले एक ज्येष्ठ काका तर म्हणतात की टीव्ही म्हणजे साहित्याला पाणी घालून वाढवलेली आमटी, आणि त्यातही साहेबाच्या मालिकांवर मराठीत लिहिण्याची गरजच काय? मला या मालिका मनापासून आवडतात, पण त्या का आवडतात ते लिहायला बसले की हाती कथानकच लागते. मार्ग सुचवावा.

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र आणि सोबतचा लेख, दोन्ही सावकाश वाचले. अप्रिय बोलणे आधी उरकून टाकतो : संपादकांचे बरोबर आहे. चौदा पानांपैकी अकरा पाने तुम्ही गोष्ट सांगितली आहे आणि उरलेल्या तीन पानांत मालिकेने काय गाळले, काय बदलले आणि काय पदरचे घातले याची यादी दिली आहे. यादी बिनचूक आहे, पण ती वाचून झाल्यावर वाचकाने तिचे काय करायचे हे लेखात कुठेच नाही. यात तुम्ही एकट्या नाही. मीही एके काळी डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ या कादंबरीवरच्या मालिकेविषयी लिहिताना गाळलेल्या पात्रांची हजेरी घेण्यात दोन रकाने खर्च केले होते, आणि लेख छापून आल्यावर एका प्राध्यापक मित्राने शांतपणे विचारले होते, ‘मग? डिकन्सला कळवायचे का?’

मूळ पुस्तकाशी इमान राखले की नाही, हा प्रश्न चुकीचा नसला तरी फार लवकर संपणारा आहे. उत्तर ‘हो’ येवो वा ‘नाही’, त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी मी स्वतःला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घेतली आहे : ही गोष्ट इथे सांगतो आहे कोण? कादंबरीत कोणी तरी सांगणारा असतोच, मग तो पात्र असो, लेखकाचा अदृश्य आवाज असो की पत्रांचा गठ्ठा. पडद्यावर तो सांगणारा बहुतेक वेळा नाहीसा होतो. त्याच्या जागी कोण येऊन बसले, याचा माग काढता काढता समीक्षा आपोआप सुरू होते.

तुमच्याच लेखातला पेम्बर्लीचा परिच्छेद घ्या. पेम्बर्ली म्हणजे ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी याचा वाडा. १९९५ च्या बीबीसी मालिकेत डार्सी तिथल्या तळ्यात उडी मारतो, ओल्या सदऱ्यानिशी घराकडे निघतो आणि अनपेक्षितपणे नायिका एलिझाबेथ समोर येते. हा प्रसंग जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत नाही, असे नोंदवून तुम्ही थांबला आहात. लेख खरे तर तिथे सुरू व्हायला हवा होता. कादंबरीत एलिझाबेथ मामा-मामींबरोबर घर पाहून बाहेर पडली आहे, मागे वळून त्या वास्तूकडे पाहते आहे, एवढ्यात तबेल्यांकडून येणाऱ्या वाटेवर खुद्द मालक उगवतो. दोघांत जेमतेम वीस यार्डांचे अंतर, नजरानजर, आणि दोघांचेही चेहरे लाल. तो कुठून आला, वाटेत त्याच्या मनात काय चालले होते, हे तिला ठाऊक नाही आणि म्हणून आपल्यालाही नाही. ऑस्टिन याआधी दोन-चार वेळा डार्सीच्या मनात डोकावलेली आहे, पण इथे ती दार लावून घेते.

पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी ते दार उघडले. एलिझाबेथला भिजलेला माणूस दिसतो, पण त्याची उडी पाहिलेली असते ती फक्त आपण. त्याआधी एलिझाबेथने लग्नाला नकार दिल्यावर डार्सीने तिला लिहिलेल्या पत्राचेही तेच. कादंबरीत आपण एलिझाबेथच्या खांद्यावरून ते पत्र वाचतो. ती ते घडी करून ठेवते, अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते, तिने भला मानलेल्या विकहॅमविषयीचा मजकूर पुन्हा पुन्हा तपासते आणि स्वतःची शरम वाटू लागेपर्यंत येरझाऱ्या घालते. मालिका मात्र आपल्याला आधी डार्सीच्या खोलीत नेते, रात्रभर लिहीत बसलेला तो आणि त्याच्या डोळ्यांसमोर तरळणारा विकहॅमचा पूर्वेतिहास दाखवते. म्हणजे एलिझाबेथ त्याला ओळखण्याच्या आधीच आपण त्याला ओळखून बसतो. आता शीर्षकातला ‘पूर्वग्रह’ आठवा. ऑस्टिनची सगळी करामत अशी की तिच्या नायिकेबरोबर वाचकही चुकतो आणि तिच्याबरोबरच खजील होतो. मालिकेच्या प्रेक्षकाला खजील होण्याची संधीच मिळत नाही. तो डार्सीची कीव करत पुढच्या भागाची वाट पाहतो. त्या बदल्यात त्याला काय मिळते? डार्सी झालेल्या कॉलिन फर्थच्या चेहऱ्यावर, न बोलता, एक घुम्या माणूस हळूहळू माणसांत येताना पाहायला मिळतो, आणि ते काही थोडे नाही. माझ्या मते सौदा तोट्याचा नव्हता, पण सौदा झाला होता हे लेखात सांगायला हवे.

दुसरी गोष्ट वेळेची. काकांची आमटीची उपमा मला आवडली, पण डिकन्सची कादंबरी वाढण्याची पद्धत त्यांना आठवून द्या. ‘ब्लीक हाउस’ मार्च १८५२ पासून सप्टेंबर १८५३ पर्यंत दरमहा एक शिलिंगाच्या पातळ पुस्तिकांमधून आली, आणि त्या पुस्तिकांत मजकुराच्या मागेपुढे जाहिराती असत. २००५ मध्ये बीबीसीने तिचे पंधरा भाग केले, पहिला तासाचा आणि बाकीचे अर्ध्या तासाचे, आणि ते आठवड्यातून दोनदा ‘ईस्टएंडर्स’ या लोकप्रिय कौटुंबिक मालिकेच्या पाठोपाठ दाखवले. अभिजात साहित्य रविवारच्या रात्री, इस्त्रीच्या कपड्यांत, ही जुनी रीत मोडून डिकन्सला भाजी निवडता निवडता पाहणाऱ्या प्रेक्षकांत नेऊन बसवले, आणि गंमत म्हणजे तो तिथलाच होता. पण सांगणाऱ्याचा प्रश्न इथेही विचारा. या कादंबरीला दोन निवेदक आहेत : एस्थर ही अनाथ मुलगी आपली हकिकत भूतकाळात, संकोचत सांगते, आणि उरलेल्या, म्हणजे जवळपास निम्म्या, प्रकरणांत एक अनाम, संतापलेला आवाज वर्तमानकाळात लंडनवरून घिरट्या घालतो. मालिकेत दोघांसाठी कॅमेरा एकच. प्रसंग बदलताना झपकन पुढे झेपावणारी आणि सोबत ‘सूँ’ असा आवाज करणारी दृश्ये तुम्हाला आठवत असतील. ती त्या संतापलेल्या आवाजाची जागा घेऊ पाहतात, असे मला वाटते, पण त्यांतून घाई तेवढी कळते, संताप कळत नाही. जिलियन अँडरसनची लेडी डेडलॉक खिडकीशी नुसती उभी राहते तेव्हा त्या घाईवर चांगला उतारा मिळतो.

याच्या उलट टोकाला १९८१ ची, ग्रॅनडा या दूरचित्रवाणी कंपनीची ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ आहे. अकरा भाग, आणि मूळ कादंबरीकार इव्हलिन वॉ यांची वाक्येच्या वाक्ये निवेदक-नायक झालेल्या जेरेमी आयर्न्सच्या आवाजात वाचलेली. सांगणारा शाबूत ठेवला की मालिका किती संथ आणि किती श्रद्धाळू होते, हे पाहण्यासाठी तिचा एखादा भाग पुरे.

आता ‘द ज्युएल इन द क्राउन’. तुमच्या लेखात हिला चार पाने आहेत. मी तुमच्या जागी असतो तर सगळा लेख हिच्यावरच लिहिला असता. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्या १९६६ ते १९७५ या काळातल्या, आणि केन टेलर यांनी त्यांची केलेली चौदा भागांची मालिका १९८४ ची. मायापूर हे काल्पनिक गाव, बीबीघर बागेत डॅफ्नी मॅनर्सवर झालेला बलात्कार, तिचा प्रियकर हरी कुमारला त्यात गोवणारा पोलीस अधिकारी रोनाल्ड मेरिक, एवढा धागा वाचकांसाठी दोन ओळींत सांगून टाका. महत्त्वाचे आहे ते स्कॉट यांचे सांगणे. ही एका बलात्काराची हकिकत आहे, असे ते पहिल्याच पानावर सांगून मोकळे होतात आणि मग पत्रे, जबान्या, रोजनिश्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांतून एकाच रात्रीभोवती फिरत राहतात. वाचकाला काय घडले ते माहीत असते. कोण काय म्हणाले आणि का म्हणाले, हे तो तपासत असतो. मालिकेने हा गुंता सोडवून घटना तारीखवार लावल्या. कज्जाची कागदपत्रे जाऊन तिथे घडामोडींची साखळी आली.

मग साक्षीदारांच्या जागी कोण बसले? मधूनमधून येणारे त्या काळातले कृष्णधवल वार्तापट पुन्हा पाहा. निवेदकाचा तो खणखणीत, आत्मविश्वासाने फुललेला इंग्रजी आवाज युद्धाची आणि राजकारणाची खबर देतो आणि आपण पुन्हा रंगीत दृश्यात येतो. सुरुवातीला त्यातला उपरोध झोंबतो, कारण सरकारी आवाज काय म्हणतो आणि आपण नुकतेच काय पाहिले, यांत अंतर असते. पुढे पुढे मात्र, माझ्या मते, तोच आवाज निमूटपणे दिनदर्शिकेचे काम करू लागतो आणि मालिका नकळत त्याच्या खांद्यावर मान टाकते. तुमचे मत वेगळे असू शकेल. असेल तर कोणत्या वार्तापटापाशी ते वेगळे होते, ते लिहा. लेखाचा गाभा तिथे मिळेल.

मुंबईत जन्मलेले कादंबरीकार सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच या मालिकेवर आणि त्या काळच्या एकूण ‘राज’प्रेमावर कडक लेख लिहिला. आपल्याच इतिहासात हिंदी, म्हणजे भारतीय, माणसांना किरकोळ भूमिका मिळतात आणि गोष्ट गोऱ्यांचीच राहते, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप. तुम्ही तो उद्धृत करून ‘हे खरेच आहे’ असे म्हटले आहे. नुसती मान डोलावू नका, प्रसंगावर घासून पाहा. मिशन शाळेच्या मिस क्रेन आणि त्यांचे सहकारी चौधरी मोटारीने परतताना जमाव अडवतो. त्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात चौधरी मारले जातात, आणि भर पावसात रस्त्याच्या कडेला बसून मिस क्रेन त्या मृताचा हात धरून राहतात. दृश्य विसरता येत नाही. पण मेला आहे तो चौधरी, आणि गोष्ट पुढे जाते ती मिस क्रेन यांच्या दुःखाची. चौधरींच्या घरी ही बातमी कोणी नेली असेल, असा प्रश्न त्या दृश्यात कोणाला पडत नाही. रश्दींचा मुद्दा इथे पुराव्यानिशी उभा राहतो.

मात्र लगेच दुसरी बाजूही तपासा, कारण स्कॉट वाटतात तितके बेसावध नव्हते. ज्या चित्रावरून नाव आले ते चित्र आठवा : छत्राखाली सिंहासनावर बसलेली व्हिक्टोरिया राणी, नजराणे घेऊन आलेले राजे, शिपाई, शेतकरी, आणि लेखकाने मिस्कीलपणे नोंदवलेले अतिशय स्वच्छ, नीटनेटके भिकारी. तिसऱ्या कादंबरीत बार्बी बॅचलर ही म्हातारी मिशनरी बाई ते चित्र मेरिकच्या हाती देताना म्हणते की यात अनाम हिंदी माणूस नाही, म्हणून हे चित्र पुरे झालेले नाही. म्हणजे रश्दींचा आक्षेप कादंबरीच्या पोटातच, एका भ्रमिष्ट ठरवल्या गेलेल्या बाईच्या तोंडी आहे! मालिकेत बार्बीची भूमिका पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी केली आहे. तो प्रसंग काढून पाहा, आणि त्या क्षणी कॅमेरा चित्राकडे पाहतो, बार्बीकडे की मेरिककडे, एवढेच टिपून ठेवा.

शिवाय हरी कुमारची तुरुंगातली चौकशी. एक खुर्ची, समोर प्रश्न विचारणारा कॅप्टन रोवन, आणि आडोशाला, हरीला न दिसता सगळे पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या डॅफ्नीच्या काकू लेडी मॅनर्स. कादंबरीतला हा दीर्घ प्रसंग मालिकेनेही बसून बोलण्याचाच ठेवला आहे. इंग्रजी पब्लिक स्कुलात, म्हणजे तिकडच्या श्रीमंतांच्या खासगी शाळेत, घडलेला, हिंदुस्थानात कोणाचाच न उरलेला हा तरुण मेरिकने कोठडीत आपल्याशी काय केले ते निर्दोष इंग्रजीत सांगतो; आर्ट मलिक आवाज चढवत नाहीत. इथे सांगणारा एकदाचा हिंदी आहे. आणि लेडी मॅनर्स बसल्या आहेत ती जागा कोणाची? दिवाणखान्यात सुरक्षित बसून पाहणाऱ्या ब्रिटिश प्रेक्षकाची. चित्रपटाला इतका वेळ खुर्चीवर काढणे परवडले नसते, दूरचित्रवाणीला परवडते. ‘टीव्ही म्हणजे पाणी घातलेले साहित्य’ याला याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

पण तुमचा कट्टा फक्त रूपांतरेच का घेतो, हे मला कळलेले नाही. ब्रिटनमध्ये थेट दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले साहित्यही मोठे आहे. डेनिस पॉटर यांची १९८६ ची ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ कोणत्याही पुस्तकावर बेतलेली नाही. तिचा नायकच रुग्णालयातल्या खाटेवर पडलेला रहस्यकथालेखक आहे, आणि त्याचा त्वचा-सांध्यांचा आजार पॉटर यांना स्वतःला होता. सुरुवात मात्र अ‍ॅलन बेनेट यांच्या १९८८ च्या ‘टॉकिंग हेड्स’ने करा. एक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, मध्ये पडदा काळा होतो, पुन्हा उजळतो तेव्हा काही दिवस गेलेले असतात, आणि महत्त्वाचे सगळे त्या काळोखात घडून गेलेले असते. मॅगी स्मिथने उभी केलेली पाद्र्याची बायको सुझन पाहा. आपण दारूच्या आहारी गेलो आहोत हे ती सांगत नाही; चर्चमधली प्रार्थनेची वाइन संपल्याची हकिकत ती दुसऱ्याच कशाबद्दल बोलावे तशी सांगून जाते. मला जवळ करायला तुला प्यावे का लागते, हे तिला सरळ विचारणारा माणूस म्हणजे लीड्समधला किराणा दुकानदार रमेश, जो आपल्याला एकदाही दिसत नाही. एकपात्रीची चटक असलेल्या मराठी प्रेक्षकाला हे लगेच कळेल. फरक एवढाच की आपला एकपात्री नट भरल्या सभागृहाशी बोलतो आणि सुझन रिकाम्या खोलीत, आपल्या एकट्याशी. ही स्वगते पुढे ब्रिटनमध्ये शाळेच्या अभ्यासक्रमात साहित्य म्हणून लागली.

तिथल्या टीव्ही समीक्षेकडेही थोडे लक्ष द्या. केंब्रिजचे रेमंड विल्यम्स यांनी १९६८ ते १९७२ या काळात ‘द लिसनर’ या साप्ताहिकात दूरचित्रवाणीवर सदर लिहिले. आपण सुटा कार्यक्रम पाहत नसून जाहिराती, बातम्या, पुढच्या कार्यक्रमांच्या झलकी यांसकट एक वाहता प्रवाह पाहतो, ही त्यांची कल्पना १९७४ च्या त्यांच्या पुस्तकातली. क्लाइव्ह जेम्स यांनी १९७२ पासून दहा वर्षे ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात अभिजात नाटकांइतक्याच चवीने खेळांच्या समालोचकांवर लिहिले, आणि त्यांच्यानंतर ती जागा कादंबरीकार जूलियन बार्न्स यांनी सांभाळली. ही साहित्यातली माणसे. टीव्ही पाहताना त्यांनी नाक मुरडले नाही आणि शेजारी पुस्तक उघडून ताळाही केला नाही.

राहिला ‘मराठीत कशाला?’ हा प्रश्न. चिं. वि. जोशींच्या पुस्तकांत चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो. मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आपल्याला समोर दिसू लागला, आणि सांगणारा पाहण्याची वस्तू झाला की विनोदाचा पोत कसा बदलतो, हे काकांच्या पिढीने घरबसल्या अनुभवले. काकांनाच त्यावर बोलते करा. शिवाय बीबीघरची घटना स्कॉट यांनी ९ ऑगस्ट १९४२ च्या रात्री घडवली आहे. आदल्या दिवशी गवालिया टँकवर काय झाले आणि पहाटे कोणाकोणाला उचलले, हे मराठी घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. ज्या सकाळच्या आठवणी आपल्याकडे घरोघर आहेत, ती मालिकेत दूरवरच्या दंगलीची खबर म्हणून येते. लंडनच्या समीक्षकाला हे खटकण्याचे कारण नव्हते, तुम्हाला आहे. ते मराठीतच लिहिले जाईल.

लेख नव्याने लिहिताना ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पूर्ण काढून टाका. त्यावर स्वतंत्र लेख होईल. कथानकाला अर्धे पान, त्याहून जास्त नाही. हरीच्या चौकशीचा प्रसंग तीनदा पाहा : एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकत. तिन्ही वेळच्या नोंदी वेगवेगळ्या कागदांवर करा. दुसऱ्या कागदावर कोणाचा चेहरा किती वेळ दिसला हे येईल आणि तिसऱ्यावर कोण गप्प राहिले हे. कादंबरीतले ते प्रकरण त्यानंतर उघडा, आधी नाही. पुढच्या शनिवारी कट्ट्यावर बार्बीने चित्र दिल्याचा प्रसंग लावाल तेव्हा काकांना पुढच्या रांगेत बसवा, आणि अनाम हिंदी माणूस नेमका कुठे काढायला हवा होता, हे त्यांनाच विचारा. ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.